एकवीस गोळ्यांची स्ट्रिप आणि तीस वर्षांचा पैसा: गल्फ वॉर आजाराच्या संशोधनाचं एक प्रकरण

गोळ्यांची एक स्ट्रिप. आत २१ गोळ्या, प्रत्येक ३० मिलिग्रॅमची. दर आठ तासांनी एक घ्यायची, म्हणजे बरोबर सात दिवसांची सोय. औषधाचं नाव पायरिडोस्टिग्मिन ब्रोमाइड. ज्यांच्या घरात मायस्थेनिया ग्रॅव्हिसचा रुग्ण आहे त्यांना हे नाव नवं नाही. पापण्या जड होणं, स्नायू चटकन थकणं या तक्रारींवर हे औषध कित्येक दशकं दिलं जातं. १९९१च्या जानेवारी-फेब्रुवारीत मात्र ही स्ट्रिप सौदी अरेबियाच्या वाळवंटातल्या धडधाकट, विशी-पंचविशीच्या अमेरिकी सैनिकांच्या खिशात होती. अंदाजे अडीच लाख जणांनी त्यातल्या कमी-जास्त गोळ्या घेतल्या.

कारण होतं सोमान. हा चेतासंस्थेवर हल्ला करणारा वायू अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज नावाच्या विकराला (एन्झाइमला) कायमचा जखडतो, आणि तोही इतक्या झपाट्यानं की नंतर दिलेला उतारा लागू पडत नाही. म्हणून युक्ती अशी की तेच विकर आधीच थोडंसं, तात्पुरतं अडवून ठेवायचं. सोमान आला तर त्याला जागा भरलेली सापडेल. पायरिडोस्टिग्मिन काही तासांनी आपोआप सुटेल आणि विकर पुन्हा कामाला लागेल. युक्ती हुशारीची होती. पण या कामासाठी औषधाला तेव्हा मान्यता नव्हती. डिसेंबर १९९०मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं नियमात पळवाट करून दिली: युद्धभूमीवर सैनिकाची संमती न घेताही अशी औषधं देता येतील. सोमानसाठीची मान्यता आली २००३मध्ये, आणि तीही प्राण्यांवरच्या पुराव्यावर, कारण माणसावर सोमानचा प्रयोग करणार कोण?

मी संशोधन-प्रस्तावांच्या कागदपत्रांत दिवस घालवणारा माणूस. आजारापेक्षा मला या प्रकरणात गुंतवून ठेवलं ते त्यातल्या पैशाच्या हिशेबानं. पैसा कोणी दिला, कोणाच्या हातात दिला आणि कोणता प्रश्न विचारायला दिला, यावर शोध कुठे पोहोचतो हे ठरतं. एरवी हे वाक्य भाषणात शोभतं. इथे ते तारीखवार तपासता येतं.

अंगावर काय काय आलं

१९९०-९१च्या आखाती युद्धात अमेरिकेचे सुमारे ६ लाख ९७ हजार सैनिक गेले. आपल्याकडे या युद्धाच्या आठवणी वेगळ्या आहेत. कुवेतमधून एअर इंडियाच्या विमानांनी परत आणलेली दीड लाखाहून जास्त माणसं, आणि पुढे अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू द्यावं की नाही यावरून दिल्लीत पेटलेला वाद. जमिनीवरची लढाई चार दिवसांत आटोपली. अमेरिकी मृतांचा आकडा इतका कमी होता की मायदेशी मिरवणुका निघाल्या.

गोळी हा यादीतला पहिलाच पदार्थ. वाळवंटातल्या माश्या आणि डासांसाठी गणवेशांवर परमेथ्रिन फवारलं जाई, कातडीवर डीट चोळलं जाई, आणि तंबू, भोजनगृहं व शौचालयांभोवती ऑर्गॅनोफॉस्फेट, म्हणजे सोमानप्रमाणेच ते विकर जखडणारी, कीटकनाशकं मारली जात. काही सैनिकांनी तर कुत्र्यांच्या गळ्यातले पिसूपट्टे मागवून स्वतःच्या अंगावर बांधले. इराकी फौजांनी माघार घेताना कुवेतच्या सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची नोव्हेंबर १९९१मध्ये विझली.

आणि खामिसिया. दक्षिण इराकमधला हा दारूगोळ्याचा भला मोठा तळ. मार्च १९९१मध्ये अमेरिकी लष्कराच्या ३७व्या इंजिनिअर बटालियननं तो सुरुंग लावून उडवला. ४ मार्चला एक कोठार, १० मार्चला उघड्या खड्ड्यातला रॉकेटांचा ढीग. त्यातल्या १२२ मिलिमीटरच्या रॉकेटांत सारीन हे सोमानच्याच जातीचं चेताविष होतं. ऑक्टोबर १९९१मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी तिथं रासायनिक रॉकेटं पाहिली होती. संरक्षण विभागानं ही गोष्ट जाहीर मान्य केली जून १९९६मध्ये. ढगाखाली किती जण आले असतील याचा सरकारी अंदाज आधी काहीशे होता, मग पाच हजार, मग वीस हजार झाला आणि शेवटी सुमारे एक लाखावर जाऊन थांबला. वाऱ्याची दिशा तीच, रॉकेटं तीच, फक्त आकडा वाढत गेला. पुढे अमेरिकेच्या महालेखा कार्यालयानं या अंदाजांमागचं गणितच विश्वासार्ह नसल्याचं सांगितलं.

घरी परतलेल्यांपैकी कित्येकांना न उतरणारा थकवा, सांधे आणि स्नायूंचं दुखणं, विसरभोळेपणा, झोपेचा बोऱ्या, पोटाच्या तक्रारी, अंगावर पुरळ असं सगळं एकत्र सुरू झालं. यालाच पुढे गल्फ वॉर आजार म्हणू लागले. रक्ताचे अहवाल मात्र नॉर्मल. आजारी माणसाला ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत’ या चार शब्दांएवढं एकटं पाडणारं दुसरं काही नसेल.

पहिलं दशक: पैसा होता

निधीच मिळाला नाही, अशी तक्रार या प्रकरणात करता येत नाही. महालेखा कार्यालयानं २००४मध्ये मोजदाद केली तेव्हा २००३पर्यंत सुमारे २४० प्रकल्पांवर २४ कोटी ७० लाख डॉलर खर्ची पडले होते. त्याच अहवालात एवढ्या खर्चानंतर दिशा पुन्हा तपासा, असंही सांगितलं होतं.

दिशा काय होती? १९९६च्या अखेरीस अध्यक्षांच्या सल्लागार समितीनं ताणतणाव हा महत्त्वाचा घटक असावा असा निष्कर्ष काढला. मग बराच पैसा त्या वाटेनं गेला. आजाराची व्याख्या काय, यावरही एकमत नव्हतं. रोग नियंत्रण केंद्राची १९९८ची व्याख्या सैल होती. थकवा, मनःस्थिती-स्मरण आणि स्नायू-सांधे या तीनपैकी दोन गटांत सहा महिने लक्षणं असली की पुरे. त्या मोजमापानं हवाई दलाच्या एका गटात युद्धावर गेलेल्यांपैकी ४५ टक्के आजारी ठरले, पण न गेलेल्यांतलेही १५ टक्के. कॅन्सस राज्यात ली स्टील यांनी २०००मध्ये घट्ट व्याख्या केली: सहापैकी तीन गटांत बऱ्यापैकी तीव्र लक्षणं. तिथे आकडे आले ३४ आणि ८. बारकावा किरकोळ वाटतो, पण औषधाची चाचणी करणाऱ्याला विचारा. सैल व्याख्येनं भरती केली तर भलत्याच कारणांनी दमलेली माणसं गटात घुसतात आणि चांगलं औषधही निकामी दिसू लागतं.

व्याख्या डळमळीत आणि शरीरात काय बिघडलंय याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत माजी सैनिक विभागानं दोन मोठ्या चाचण्या केल्या. एकीत १,०९२ जणांना व्यायाम आणि समुपदेशनाची उपचारपद्धती दिली. २००३चा निकाल होता थोडासा फायदा. दुसरीत ४९१ जणांना वर्षभर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक. गृहीत असं की मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग असावा. २००४चा निकाल: फायदा नाही. चाचण्या शिस्तीत झाल्या, त्यात खोट काढता येणार नाही. पण हे छप्पर आधी घालून मग पाया खणण्यासारखं झालं. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंतच्या वाटेला आपण ट्रान्सलेशनल रिसर्च म्हणतो. त्या वाटेच्या मधल्या सगळ्या पायऱ्या इथं गाळल्या होत्या.

एका प्रयोगशाळेवर डाव

याच काळात डॅलसमध्ये रॉबर्ट हेली नावाचे साथरोगतज्ज्ञ वेगळा प्रश्न विचारत होते. त्यांचा सुरुवातीचा पैसा सरकारी नव्हता. तो उद्योगपती रॉस पेरो यांनी दिला होता. नौदलाच्या एका राखीव बांधकाम बटालियनमधल्या २४९ जणांची लक्षणं मांडून त्यांनी १९९७मध्ये दाखवलं की ती कशीही विखुरलेली नाहीत, त्यांचे ठळक गट पडतात, आणि हे गट रसायनांच्या संपर्काशी जुळतात. १९९९मध्ये त्यांनी पीओएन१ या जनुकाचा धागा पकडला. सारीनसारखी विषं शरीरात फोडणारं विकर या जनुकापासून बनतं.

टेक्सासच्या सिनेटरांनी जोर लावला आणि काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, हेलींच्या विद्यापीठाला माजी सैनिक विभागामार्फत पाच वर्षांत ७.५ कोटी डॉलर द्यायचं ठरवलं. २००९मध्ये कराराच्या अटी पाळण्यावरून वाद झाला आणि विभागानं करार मध्येच संपवला. चूक कोणाची यावर दोन्ही बाजूंनी पानं भरली आहेत. मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. स्पर्धा न लावता एकाच दारात ठेवलेला पैसा हा त्या दाराशी असलेल्या संबंधांवर जगतो. संबंध बिघडले की शोध बरोबर आहे की चूक, हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

फोर्ट डेट्रिकचं टेबल

तिसरा मार्ग या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवून गेला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्थसंकल्पात एक विचित्र कप्पा आहे. १९९२मध्ये स्तनाच्या कर्करोगासाठी लढणाऱ्या बायकांनी संशोधनाला पैसा मागितला, आरोग्य खात्यात जागा नव्हती, म्हणून काँग्रेसनं तो लष्कराच्या पदरात टाकला. लष्कराला कर्करोगाशी काय देणंघेणं, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार. पण त्यातून ‘काँग्रेसनिर्देशित वैद्यकीय संशोधन कार्यक्रम’ उभा राहिला. त्याचं ऑफिस मेरिलँडमधल्या फोर्ट डेट्रिकला. गल्फ वॉर आजारासाठी तिथं स्वतंत्र कार्यक्रम २००६मध्ये सुरू झाला तो ५० लाख डॉलरवर. २००७मध्ये शून्य. २००८मध्ये एक कोटी. २०१३पासून वर्षाला साधारण दोन कोटी.

रक्कम छोटी. पण वाटपाची रीत बघा. आलेला प्रस्ताव आधी शास्त्रज्ञ तपासतात, गुण देतात. मग दुसरी समिती कार्यक्रमाच्या गरजेनुसार निवड करते. दोन्ही टेबलांवर आजारी माजी सैनिक बसतो, आणि त्याचं मत प्राध्यापकाच्या मताइतकंच मोजलं जातं. शास्त्रज्ञ उंदराची जात आणि नमुन्याचा आकार बघतो. हा माणूस बघतो की बारा आठवडे रोजची डायरी भरायला सांगताय, पण ज्याला सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही तो ती भरणार कशी? दोनशे मैल गाडी चालवत रक्त द्यायला येईल का? आणि हे सगळं यशस्वी झालं तर मला काय मिळेल, आणखी एक शोधनिबंध की एखादी गोळी?

दुसरी गोष्ट, मंजूर प्रकल्पाचे सगळ्या वर्षांचे पैसे त्याच एका वर्षाच्या तरतुदीतून बाजूला काढले जातात. पुढच्या वर्षी काँग्रेसनं हात आखडला तरी चालू प्रकल्प मध्ये लटकत नाही. ज्यानं दुसऱ्या हप्त्यासाठी युटिलायझेशन सर्टिफिकेट पाठवून पाठवून, तोवर सहायकाचा पगार खिशातून दिलाय, त्याला या एका नियमाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. उणी बाजूही आहे. कार्यक्रम मात्र दरवर्षी नव्यानं मागून घ्यावा लागतो, आणि दहा वर्षांचा बेत एका वर्षाच्या पैशात बसत नाही.

या पैशातून आणि जोडीनं चाललेल्या इतर कामांतून गाळलेल्या पायऱ्या हळूहळू बांधल्या गेल्या. उंदरांना युद्धभूमीवरची रसायनं एकत्र देऊन नमुने तयार झाले. वेस्ट व्हर्जिनियातल्या जेम्स ओ’कॅलहन यांच्या गटानं उंदरांना आधी ताणाचं संप्रेरक दिलं आणि मग सारीनच्या जागी त्याचं भावंड असलेलं डीएफपी. संप्रेरक आधी दिलेल्या उंदरांच्या मेंदूत दाह कितीतरी जास्त भडकला. गंमत बघा, ज्या ‘ताणा’चा दाखला देऊन सैनिकांना गप्प केलं होतं तोच परत आला, पण आजाराचं कारण म्हणून नव्हे, विषाचा साथीदार म्हणून.

बोस्टन आणि फ्लोरिडात अनेक संस्थांचे संघ उभे राहिले. बोस्टनच्या संघानं रक्त, लाळ, मेंदूच्या प्रतिमा आणि लक्षणांच्या नोंदी एकत्र जपणारी नमुन्यांची पेढी केली, म्हणजे नव्या संशोधकाला पुन्हा शून्यापासून भरती करायला नको. हे काम बातमीत कधी येत नाही. या पैशातली सर्वांत शहाणी गुंतवणूक कोणती म्हणाल तर मी या फ्रीजरांकडे बोट दाखवीन.

सॅन डिएगोत बिएट्रिस गोलम यांनी कोएन्झाइम क्यू१०ची चाचणी केली. माणसं अवघी ४६. रोज १०० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत शारीरिक क्षमता आणि बऱ्याच लक्षणांत फरक दिसला, ३०० मिलिग्रॅममध्ये तितका नाही. मुख्य मोजपट्टीवर सगळे मिळून स्पष्ट फरक नव्हता, पुरुषांपुरता होता. अशा निकालावर औषध लिहून देता येत नाही. पण पेशींच्या ऊर्जाकेंद्रांत बिघाड असावा या तर्कातून चाचणी निघाली होती, म्हणून तिचा अर्धवट निकालही पुढचा प्रश्न देऊन गेला. डॉक्सिसायक्लिनच्या ४९१ जणांनी तेवढं दिलं नव्हतं.

गजर ऐकलेले आणि न ऐकलेले

२००८च्या नोव्हेंबरमध्ये काँग्रेसच्या आदेशानं नेमलेल्या सल्लागार समितीनं स्पष्ट लिहिलं: आजार खरा आहे, गेलेल्यांपैकी किमान चौथ्या हिश्श्याला आहे, आणि पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या व कीटकनाशकं यांचा त्याच्याशी कार्यकारण संबंध आहे. सारीनचा प्रश्न मात्र उरला होता, कारण कोणाच्या फुप्फुसात किती गेलं हे १९९१मध्ये कोणी मोजलंच नव्हतं.

२०२२मध्ये हेली पुन्हा समोर आले, या वेळी संरक्षण आणि माजी सैनिक या दोन्ही विभागांच्या पैशावर. ५०८ आजारी आणि ५०८ निरोगी माजी सैनिकांचं रक्त तपासलं. पीओएन१ जनुकाचे दोन प्रकार, क्यू आणि आर. क्यूपासून बनणारं विकर सारीन चांगलं फोडतं. आरपासून बनणारं इतर काही ऑर्गॅनोफॉस्फेटं फोडण्यात पटाईत, पण सारीनपुढे ढिलं. संपर्काचं मोजमाप म्हणून त्यांनी साधा प्रश्न धरला: रासायनिक हल्ल्याचा गजर ऐकलात का? दोन्ही प्रती क्यू असलेल्यांत गजर ऐकणाऱ्यांना आजाराची शक्यता ३.७५ पट, एक-एक असलेल्यांत ४.४३ पट, आणि दोन्ही आर असलेल्यांत ८.९१ पट. इतक्या वर्षांनंतरची आठवण चुकू शकते. पण आपलं जनुक कोणतं हे सैनिकाला ठाऊक नव्हतं. त्यामुळे त्या आठवणीला जनुकाच्या कलानं झुकायला वावच नव्हता. या मांडणीतली चतुराई इथे आहे.

हे वाचताना मला यवतमाळ आठवल्याशिवाय राहत नाही. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं दगावले, शेकडो दवाखान्यात होते. फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेटंही होती. तेच विकर, तोच जखडण्याचा प्रकार, आणि वॉर्डात उताऱ्याला अ‍ॅट्रोपिन. एकाच गावात, एकाच पंपानं फवारून एक जण घरी जातो आणि दुसरा पडतो, याचं एक कारण या जनुकातही असू शकतं. वाचलेल्यांचं पाच-दहा वर्षांनी काय झालं हे विचारायला आपल्याकडे फ्रीजर लागेल, आणि टेबलावर शेतमजुराला खुर्ची लागेल.

मोठं भांडं, लहान वाटा

ऑगस्ट २०२२मध्ये अमेरिकेत पॅक्ट कायदा आला. इराक-अफगाणिस्तानातल्या तळांवर प्लास्टिकपासून बॅटऱ्यांपर्यंत सगळा कचरा ज्या खड्ड्यांत जाळला जाई, त्यांच्या धुरानं आजारी पडलेल्यांना भरपाई आणि उपचारांचं दार उघडलं. त्याच अर्थसंकल्पी वर्षात फोर्ट डेट्रिकचा गल्फ वॉर कार्यक्रम ‘विषारी संपर्क संशोधन कार्यक्रमा’त विलीन झाला. निधी तीन कोटी डॉलर, विषय चार: चेताविषं, गल्फ वॉर आजार, हवेतून येणारे धोके व जळते खड्डे, आणि सेवेतले इतर संपर्क.

विज्ञानाच्या बाजूनं हे रास्त आहे. खड्ड्याचा धूर आणि तेलविहिरीचा धूर वेगळ्या टेबलांवर का अभ्यासायचा? पण दोन कोटींच्या स्वतंत्र कार्यक्रमाची जागा तीन कोटींच्या चौथ्या हिश्श्यानं घेतली, हे हिशेब करणाऱ्याला लगेच दिसतं. बाविसाव्या वर्षी वाळवंटात गेलेला सैनिक आता पन्नाशी ओलांडून गेला आहे. रांगेत त्याच्या मागे उभे असलेले संख्येनं जास्त आणि वयानं तरुण आहेत. मार्च २०२५मध्ये पूर्ण वर्षाच्या तात्पुरत्या तरतुदीत काँग्रेसनिर्देशित कार्यक्रमाची एकूण रक्कम सुमारे दीड अब्ज डॉलरवरून ६५ कोटींवर आली, म्हणजे ५७ टक्के कपात. आधीच मंजूर झालेले प्रकल्प त्या जुन्या नियमामुळे चालू राहिले. नव्यांसाठी टेबल लहान झालं.

मान्यताप्राप्त उपचार अजून नाही. एक गोष्ट मात्र झाली. रोगांच्या अमेरिकी सांकेतिक यादीत गल्फ वॉर आजाराला स्वतःचा संकेतांक मिळाला, टी७५.८३०. आतापर्यंत डॉक्टर थकवा एका रकान्यात, सांधेदुखी दुसऱ्यात, निद्रानाश तिसऱ्यात टाकायचे, आणि कुठल्याही संगणकाला हे तिन्ही एकाच माणसाचं एकच दुखणं आहे हे कळायचं नाही. आता सरकारी आणि खासगी दवाखान्यांच्या नोंदींतून असे रुग्ण एका शोधात वेचता येतील, चाचणीसाठी बोलावता येतील. संकेतांक १ ऑक्टोबर २०२५पासून लागू झाला. त्याच दिवशी नव्या आर्थिक वर्षाचा निधी मंजूर न झाल्यानं अमेरिकी सरकारचं कामकाज बंद पडलं होतं.